गळ्याचा छेद आणि खाटेजवळचा माणूस

मध्ययुगीन मुस्लिम वैद्यांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले जाते. पण त्यातला बराचसा मजकूर एकाच प्रश्नाभोवती फिरतो : अमुक गोष्ट पहिल्यांदा कुणी केली? ट्रॅकिओस्टोमीबद्दलही असाच दावा अधूनमधून वाचायला मिळतो. गळ्यातून श्वासनलिकेला छेद देऊन श्वास चालू ठेवण्याची ही शस्त्रक्रिया मुस्लिमांनी शोधली, असे सांगितले जाते. हा दावा खरा नाही. पण अंदलूसच्या दोन वैद्यांनी या बाबतीत जे केले, ते या दाव्यापेक्षा मोलाचे आहे. आजच्या रुग्णालयात खाटेजवळ उभी असलेली सिस्टर जे काम करते, त्याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

ग्रीकांची भीती

घसा सुजला, त्यात गाठ झाली किंवा काही अडकले की नाकातोंडातून हवा आत जात नाही. अशा वेळी स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला छेद दिला, तर हवेला दुसरी वाट मिळते. ही कल्पना फार जुनी आहे. दुसऱ्या शतकातल्या अँटिलस या ग्रीक वैद्याने छेद कुठे द्यावा हे सांगितले होते. सातव्या शतकात अलेक्झांड्रियात काम करणाऱ्या पॉलने ते आपल्या ग्रंथात नोंदवले, आणि तिथून ते अरबीत आले.

पण कल्पना असणे वेगळे आणि हात धजावणे वेगळे. श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांची बनलेली असते आणि कूर्चेची जखम भरून येत नाही, असे अरेटियससारख्या जुन्या वैद्यांचे मत होते. म्हणजे गळा कापून माणूस त्या क्षणी वाचला, तरी जखम उघडी राहून पुढे दगावणारच. या एका समजुतीमुळे शेकडो वर्षे वैद्यांनी शस्त्र बाजूला ठेवले.

कुर्तुब्याची मुलगी, सेव्हिलची शेळी

अबुल कासिम अल-झहरावी (सुमारे 936 ते 1013) हे कुर्तुब्याजवळच्या मदीनतुज्जहराचे. त्यांच्या 'अत्-तसरीफ' या ग्रंथाचे तीस भाग आहेत. शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर असून त्यात सुमारे दोनशे उपकरणांच्या आकृत्या आहेत. गळ्याच्या छेदाबद्दल लिहिताना ते आधी प्रांजळपणे सांगतात की, आपल्या मुलखात ही शस्त्रक्रिया करणारा कुणी पाहिलेला नाही. मग ते प्राचीनांची पद्धत देतात आणि त्यानंतर स्वतः पाहिलेली एक घटना.

एका गुलाम मुलीने सुरी घेऊन स्वतःचा गळा चिरून घेतला होता. झहरावींना बोलावण्यात आले. रक्तस्राव फार नव्हता, पण जखमेतून हवा बाहेर येत होती. त्यांनी टाके घातले आणि जखम भरेपर्यंत उपचार केले. मुलगी वाचली. आवाज थोडा घोगरा झाला, एवढेच. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, श्वासनलिका कापली गेली म्हणजे माणूस मरतोच असे नाही. त्या मुलीने सुरी का उचलली असेल, हे ग्रंथात नाही आणि तिचे नावही नाही. वैद्यकाच्या इतिहासात ती आली ती फक्त एक पुरावा म्हणून, हे वाचताना खटकते आणि खटकायलाच हवे.

सुमारे दीड शतकानंतर सेव्हिलचे अबू मरवान इब्न झुहर (निधन 1162) यांनी हाच प्रश्न पुढे नेला. गळ्याच्या छेदावरची परस्परविरोधी मते वाचून त्यांनी ठरवले की, स्वतःच पाहावे. त्यांनी एका शेळीच्या श्वासनलिकेला छेद दिला आणि तिर्मिस नावाच्या कडधान्याच्या दाण्याहून किंचित लहान असा तुकडा काढून टाकला. मग जखम बरी होईपर्यंत ते ती मध आणि पाण्याने धूत राहिले. शेळी पूर्ण बरी झाली आणि पुढे बराच काळ जगली. 'किताब अत्-तैसीर' या ग्रंथात त्यांनी हे लिहून ठेवले आहे.

इतिहासकार या प्रसंगाकडे प्राण्यावरचा प्रयोग म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. पण छेद द्यायला किती वेळ लागला असेल? काही मिनिटे. जखम धुण्याचे काम मात्र ती भरून येईपर्यंत चालले. जुनी समजूत खोटी ठरली ती या धुण्यामुळे. कुणी रोज त्या शेळीजवळ बसले नसते, तर ती मेली असती आणि जुने मतच पुन्हा एकदा खरे मानले गेले असते.

तंबू, बीमारिस्तान, नाडी

शुश्रूषेची ही परंपरा अंदलूसच्याही आधीची आहे. इ. स. 627 च्या खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज यांना बाण लागला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदा अल-अस्लमिया यांच्या तंबूत ठेवायला सांगितले, असे सीरतच्या ग्रंथांत येते. मशिदीलगतच्या या तंबूत रुफैदा जखमींची देखभाल करत. पुढे कैरोत सुलतान कलावूनने 1284 मध्ये मन्सूरी बीमारिस्तान उभारले. तिथे ताप, डोळे, शस्त्रक्रिया यांसाठी वेगळे विभाग होते, पुरुष आणि स्त्री रुग्णांसाठी वेगवेगळे सेवक-सेविका होते आणि खर्च वक्फमधून चालत असे. म्हणजे शुश्रूषा हे पगार देऊन करवून घ्यायचे, हिशेबात धरलेले काम होते. खुद्द इब्न झुहर यांची मुलगी आणि नात या दोघी वैद्यकात निपुण होत्या आणि अल्-मुवाहिद राजघराण्यातल्या स्त्रियांवर उपचार करत.

खाटेजवळच करता येतील अशा तपासण्यांवरही या वैद्यांचा भर होता. इब्न सिना यांनी 'अल्-कानून'मध्ये नाडीचे प्रकार तपशिलात दिले : वेग, जोर, नियमितपणा, दोन ठोक्यांमधले अंतर. लघवी काचेच्या भांड्यात धरून तिचा रंग, गढूळपणा आणि गाळ पाहिला जाई. जुन्या हकिमांकडे गेलेल्यांना 'नब्ज' आणि 'कारुरा' हे शब्द ठाऊक असतील. त्यातली बरीच अनुमाने आजच्या विज्ञानाने बाद केली आहेत. रोग्याला रोज, त्याच क्रमाने पाहायचे आणि कालच्यापेक्षा आज काय बदलले ते ओळखायचे, ही शिस्त मात्र टिकली. 1816 मध्ये लेनेकने स्टेथोस्कोप आणला, 1867 मध्ये ऑलबटने खिशात मावणारा थर्मामीटर बनवला, 1974 च्या सुमारास जपानच्या ताकुओ आओयागींनी पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. ही सारी साधने त्याच शिस्तीच्या हातात आली.

पॅरिस आणि कोपनहेगन

झहरावींचा शस्त्रक्रियेचा भाग बाराव्या शतकात टोलेडोत क्रेमोनाच्या जेरार्डने लॅटिनमध्ये आणला. तरी युरोपातही हात लवकर धजावले नाहीत. 1799 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घसा सुजून गुदमरत होते, तेव्हा एलिशा डिक या तरुण डॉक्टरने गळ्याला छेद देण्याचे सुचवले. सोबतच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी ते मानले नाही आणि वॉशिंग्टन त्याच रात्री वारले.

बदल घडला तो घटसर्पामुळे. या रोगात मुलांच्या घशात पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. फ्रान्समध्ये ब्रेतोनो यांनी 1825 मध्ये छेद देऊन एका मुलीला वाचवले. त्यांचे शिष्य त्रुसो यांनी 1830 च्या दशकात अशा दोनशेच्या आसपास मुलांवर ही शस्त्रक्रिया केली. त्यातली सुमारे एक चतुर्थांश वाचली. त्या काळात हे मोठे यश होते. त्रुसो यांचा आग्रह छेदानंतरच्या देखभालीवर होता. नळीच्या आतली नळी वारंवार काढून स्वच्छ करायची आणि गळ्याभोवती सैलसर कापड गुंडाळायचे, म्हणजे मुलाला उबदार, दमट हवा मिळेल. आजची सिस्टर हेच काम ह्युमिडिफायर लावून करते.

दुसरा प्रसंग 1952 चा. कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावण्यात आले. ऑक्सिजनमुळे रुग्णांचा रंग बरा दिसत होता, पण त्यांना घाम फुटत होता आणि रक्तदाब चढत होता. यावरून इब्सेन यांनी ओळखले की, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आहे. 27 ऑगस्टला त्यांनी 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घालवली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. त्यानंतर सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. परिचारिका कफ काढत होत्या, नाडी आणि रक्तदाब पाहत होत्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला. आजच्या आयसीयूचे मूळ तिथे आहे.

आजची सिस्टर

आज ट्रॅकिओस्टोमी ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे. अपघातात डोक्याला मार लागलेले, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असलेले, आणि तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झालेले रुग्ण आपल्या आसपासच आहेत. छेद सर्जन देतो. त्यानंतरचे दिवस सिस्टरचे असतात.

ती काय करते? नाकातून हवा जात नसल्यामुळे ती गाळली जात नाही, ओलसरही होत नाही. कफ घट्ट होतो आणि नळी बुजते. म्हणून हवेला ओलावा द्यावा लागतो. सक्शनची नळी आत घालताना ओढ बंद ठेवायची, बाहेर काढताना चालू करायची आणि हे सारे दहा-पंधरा सेकंदांत संपवायचे, कारण तेवढा वेळ रुग्णाचा श्वास अडलेला असतो. नळीभोवतीच्या फुग्याचा दाब मोजायचा : जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा, कमी झाला तर लाळ फुफ्फुसात. गळ्याची पट्टी एक बोट जाईल इतकीच सैल. ती बदलताना शक्यतो दोघी जणी, कारण एका खोकल्यासरशी नळी बाहेर येऊ शकते. उशाशी त्याच मापाची एक आणि तिच्याहून लहान एक अशा दोन जादा नळ्या तयार. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, छाती दोन्ही बाजूंनी ऐकायची, ऑक्सिमीटरचा आकडा पाहायचा. पण त्या आकड्यावर विसंबून राहायचे नाही, कारण कोपनहेगनमध्ये रंग चांगला असतानाही माणसे मरत होती. आणि रुग्णाला बोलता येत नाही हे ध्यानात ठेवून त्याच्या हाताशी पाटी-पेन्सिल आणि घंटी द्यायची.

हे शिकलेले, सरावाने आलेले कौशल्य आहे. आपण मात्र त्याला 'सेवा' म्हणून गौरवतो आणि पगार, पाळी, सुरक्षितता यांचा विषय निघाला की गप्प बसतो. रुफैदांचे नाव जलशात अभिमानाने घेणारी घरे मुलीने जीएनएमचा अर्ज आणला की रात्रपाळी आणि युनिफॉर्मवर अडतात. मुलीचे लग्न कसे जमेल, ही चिंता असतेच. पण ज्या मन्सूरी बीमारिस्तानचा आपण अभिमान बाळगतो, तिथे हे काम पगारावर करणाऱ्या स्त्रिया सातशे वर्षांपूर्वी होत्या.

दुसरी गोष्ट घरच्या माणसांची. नळीसह रुग्णाला घरी सोडतात, तेव्हा सिस्टरची जागा बायको, आई किंवा मुलगा घेतो. डिस्चार्जचा कागद हातात पडण्याआधी सक्शन आणि आतली नळी धुणे सिस्टरच्या देखत स्वतः दोन-चार वेळा करून पाहावे. नळी निघाली तर पहिल्या मिनिटात काय करायचे, हे तिच्याकडून नीट समजून घ्यावे, लिहून भिंतीला चिकटवावे. ती घाईत असेल, तरी विचारायला संकोचू नये. इब्न झुहर यांनी शेळीची जखम रोज धुतली तशीच घरातली ही नळीही रोज धुवावी लागणार आहे.