कॅश, वितरित
अनेक संगणकांच्या स्मृतींत विभागून ठेवलेला तात्पुरता माहितीसाठा. मूळ माहिती डेटाबेसमध्ये कायम राहते आणि तिच्यातील वारंवार लागणारा भाग तेवढा या साठ्यात ठेवतात. अनुप्रयोगाचा या साठ्याशी संबंध जोडून देणाऱ्या तयार आज्ञावलींच्या संचास क्लायंट लायब्ररी म्हणतात. या पद्धतीच्या इतिहासात महत्त्वाचे निर्णय सर्व्हरपेक्षा क्लायंट लायब्ररीकडेच अधिक येत गेले.

प्रस्तुत कॅश शब्दाचा रोकड या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही. ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. मराठीत दोहोंचे लेखन एकच होत असल्याने घोटाळा संभवतो. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मोरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मंदगती मुख्य स्मृतीच्या जोडीला लहान पण जलद ‘दास स्मृती’ ठेवण्याची कल्पना मांडली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्रात अशी योजना होती व त्या यंत्राच्या वर्णनातून कॅश हे नाव रूढ झाले. एका यंत्रापुरती असलेली ही कल्पना अनेक यंत्रांवर पसरण्यास मात्र आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला.

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या लाइव्हजर्नल या रोजनिशीलेखनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक पान वाचणाऱ्यानुसार बदलत असे. कोणाचे लेखन कोणास दिसावे, हे मित्रसंबंधांवर ठरे. त्यामुळे तयार पाने साठवून उपयोग नव्हता. प्रत्येक यंत्राने आपापली कॅश ठेवल्यास त्याच माहितीच्या अनेक प्रती होऊन स्मृती वाया जाई. यावर उपाय म्हणून फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये मेमकॅश्ड ही प्रणाली प्रथम पर्ल भाषेत लिहिली. लवकरच अनातोली व्होरोबे यांनी ती सी भाषेत नव्याने लिहिली. निरनिराळ्या यंत्रांतील पडून असलेली स्मृती एकत्र वापरता यावी, हा तिचा साधा हेतू होता.

मेमकॅश्डचे सर्व्हर एकमेकांस ओळखत नाहीत. सर्व सर्व्हरांची यादी क्लायंट लायब्ररीकडे असते. हव्या असलेल्या माहितीच्या किल्लीवरून ती गणिताने एक संख्या (हॅश) काढते व त्या संख्येवरून सर्व्हर ठरविते. तेथे माहिती न मिळाल्यास अनुप्रयोग ती डेटाबेसमधून आणतो आणि पुढील वेळेसाठी कॅशमध्ये ठेवतो. सर्व्हर निवडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे संख्येला सर्व्हरांच्या संख्येने भागून येणारी बाकी घेणे. परंतु दहा सर्व्हरांचे अकरा केले, की सु. ९१ टक्के किल्ल्यांची जागा बदलते. कॅश जवळजवळ रिकामी झाल्यासारखी होते आणि सर्व भार एकदम डेटाबेसवर येतो. यंत्र वाढवावे मदतीसाठी आणि व्हावा त्याचाच जाच, असा हा प्रकार होता.

यावरचा तोडगा आधीच उपलब्ध होता. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डेव्हिड कार्गर व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ ही रीत प्रसिद्ध केली होती. तीत सर्व्हर व किल्ल्या एका कल्पित वर्तुळावर मांडतात आणि किल्लीपासून पुढे जाताना प्रथम भेटणारा सर्व्हर निवडतात. यामुळे वरील उदाहरणात सु. ९ टक्केच किल्ल्या हलतात. लास्ट.एफएम या संगीतविषयक सेवेतील रिचर्ड जोन्स यांनी २००७ मध्ये ‘केटामा’ नावाने ही रीत मेमकॅश्डच्या क्लायंटसाठी उपलब्ध केली. एकाच साठ्याशी बोलणाऱ्या सर्व भाषांतील लायब्रऱ्यांनी हा हिशेब तंतोतंत सारखा करणे आवश्यक असते. पीएचपीतील लायब्ररीने एका सर्व्हरवर ठेवलेली माहिती जावातील लायब्ररीने दुसरीकडे शोधली, तर चूक दाखविली जात नाही. जुनी माहिती मात्र कोठेतरी शिल्लक राहते.

क्लायंटचे वर्तन किती दूरगामी ठरते हे २३ सप्टेंबर २०१० रोजी दिसून आले. फेसबुकमध्ये संरचनेचे एक मूल्य मूळ साठ्यातच सदोष झाले. सदोष मूल्य दिसताच प्रत्येक क्लायंट ते दुरुस्त करण्यासाठी डेटाबेसकडे जाऊ लागला. डेटाबेस भाराखाली दबून त्रुटी कळवू लागला, तेव्हा त्या त्रुटीचाही अर्थ ‘मूल्य सदोष’ असाच घेतला जाऊन कॅशमधील नोंद पुसली जाई आणि मागण्या आणखी वाढत. मूळ दोष दूर झाल्यावरही हे चक्र थांबेना. अखेर संकेतस्थळच बंद करावे लागले. सु. अडीच तास सेवा खंडित होती.

फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मेमकॅश्डमध्ये केलेल्या सुधारणांचे वर्णन आहे. माहिती न सापडल्यास सर्व्हर एकाच क्लायंटला ती भरण्याचा अल्पकालीन परवाना देतो. इतरांनी थोडे थांबून पुन्हा विचारावयाचे असते. अशी झुंबड उडणाऱ्या किल्ल्यांच्या पाहणीत डेटाबेसवरील कमाल मागणी यामुळे सेकंदाला सु. १७,००० वरून १,३०० पर्यंत उतरली. क्लायंटचा बराचसा भार वाहणारा एमसीराउटर हा मध्यस्थ त्याच कंपनीने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुला केला.

साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांच्या रेडिसमध्ये (२००९) निराळी वाट दिसते. २०१५ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून किल्ल्या १६,३८४ कप्प्यांत विभागल्या जातात. चुकीच्या सर्व्हरकडे मागणी गेल्यास तोच योग्य पत्ता कळवितो आणि क्लायंट आपला नकाशा सुधारून घेतो. रेडिसचा परवाना २०२४ मध्ये बदलल्यावर तिच्या जुन्या मुक्त आवृत्तीतून व्हॅलकी ही शाखा निघाली.

मेमकॅश्डची रचना विचारणारा आपल्याच जाळ्यातील आहे असे गृहीत धरून झाली होती. अनेकांनी हे सर्व्हर इंटरनेटवर उघडे ठेवले. खोट्या पत्त्याने लहानशी मागणी पाठवावयाची व त्या पत्त्यावर प्रचंड उत्तर जाऊ द्यावयाचे, अशा युक्तीने २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला. मेमकॅश्डच्या १.५.६ या आवृत्तीत, ज्या यूडीपी मार्गाने हे शक्य झाले, तो मुळातच बंद ठेवण्यात आला.