गळ्याचा मालक कोण?

गाणे कोणाचे, या प्रश्नाला आपल्या कायद्याने जी उत्तरे दिली, त्यांत गाणारा फार उशिरा आला. कृत्रिम बुद्धिमत्तेने गाणी तयार होऊ लागल्यावर हा जुना इतिहास पुन्हा तपासावासा वाटतो.

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्यात संगीतकृतीची व्याख्या अशी होती की, स्वररचना छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीने चिन्हांकित असली पाहिजे. आमच्या मालेगावात (वाशीम जिल्ह्यातले, नाशिककडचे नव्हे) जात्यावरची ओवी, गोंधळ, कीर्तनातली चाल यांतले काहीच कोणी स्वरलिपीत मांडून ठेवत नसे. पाठांतरावर जगणारे हे संगीत त्या व्याख्येबाहेरच राहिले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निर्माते आणि संगीतकार यांचा वाद निर्माते मंडळींच्या बाजूने सोडवला. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी खंत मांडली, की हक्क संगीतरचनाकाराला आहे, गायकाला नाही.

१९९४ च्या दुरुस्तीने लेखनाची अट गेली आणि प्रयोगकर्त्याचा हक्क आला. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर कसरतपटू आणि गारुडीही आहेत. म्हणजे आमच्या बाजारात खेळ करणारा माणूसही कायद्याच्या पानावर आला. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद शिरली: संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. त्या वेळी यंत्र साधन होते. आज एका ओळीची सूचना देणाऱ्याला कर्ता म्हणायचे की यंत्र बनवणाऱ्याला, हे त्या वाक्यातून सुटत नाही.

त्याहून मोठी अडचण आवाजाची आहे. प्रयोगकर्त्याचा हक्क गायलेल्या प्रयोगाला संरक्षण देतो. गळ्याच्या धाटणीला नाही. यंत्राने त्या गळ्यात नवेच गाणे म्हटले, तर मूळ प्रयोग कुठला दाखवायचा? म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २६ जुलै २०२४ रोजी अरिजित सिंग यांना आणि २९ सप्टेंबर २०२५ रोजी आशा भोसले यांना अंतरिम दिलासा देताना मुख्य आधार घेतला तो व्यक्तिमत्त्वहक्काचा. अनुमतीशिवाय कोणाचाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारी साधने उपलब्ध करणे हाच त्या हक्काचा भंग, असे न्यायालयाने म्हटले.

निकाल योग्यच आहेत. पण हा आधार प्रसिद्धीवर उभा आहे, आणि न्यायालयाची पायरी चढायला पैसा लागतो. लग्नाच्या वरातीत बँडपुढे गाणाऱ्या, भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या माणसाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवरून कुठेही जाते. त्यातून यंत्र शिकले, तर त्याला ते कळणारही नाही. माझ्या मते पुढच्या दुरुस्तीत दोन गोष्टी हव्यात: यंत्राला शिकवण्यासाठी कोणाचे ध्वनिमुद्रण वापरले याची नोंद, आणि आवाजावरचा हक्क नावाजलेपणाच्या अटीशिवाय. १९५७ साली लिहिलेले नव्हते म्हणून जे बाहेर राहिले, ते आता प्रसिद्ध नाही म्हणून बाहेर राहू नये.