सुदाम्याचं कुळ

शिमग्यात सोंग घेतलेल्या माणसाच्या बोलण्याचा कुणी राग धरत नाही. पनवेलजवळच्या नावड्यापासून खाली पेण-अलिबागपर्यंतच्या गावांना हे सांगायला नको. तोंडाला रंग फासून, लुगडं नेसून पोस्त मागत फिरणारा पोरगा एरवी ज्या वडीलधाऱ्यापुढे मान वर करत नाही, त्याच्याच अंगणात त्याची नक्कल करतो, आणि म्हातारा हसत हसत त्याच्या हातावर पैसे ठेवतो. मराठी विनोदी लेखनाचा निम्मा कारभार याच मुभेवर चालत आला आहे. आपला विनोदी लेखक स्वतःच्या नावाने क्वचितच बोलतो. आधी तो दुसरा कुणीतरी होतो: सुदामा, बाळकराम, चिमणराव, ठणठणपाळ. आणि होतो तोही शहाणा नव्हे, चांगला गाफील, भाबडा, स्वतःवर खूश असलेला माणूस. या गाफील ‘मी’ची ही कुळकथा.

मूळपुरुष शोधायचा तर थेट पैठण गाठावं लागतं. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत जोशी, वासुदेव, गारुडी अशी किती सोंगं घेतली! सासू-सासऱ्यांपासून नवऱ्यापर्यंत सासरच्या एकेकाला उचल म्हणून भवानीला नवस बोलणारी त्यांची सून आजही टाळ्या घेते. त्यामागचा वेदान्त कीर्तनकार उलगडून सांगतो, पण श्रोते हसून मोकळे झालेले असतात ते त्या सुनेच्या वैतागाला. तमाशाच्या वगात हेच काम सोंगाड्याकडे आलं. राजाचा नोकर म्हणून उभं राहायचं आणि राजालाच टोले द्यायचे. समर्थांनी मात्र विनोदाची आवड टवाळांच्या खात्यात टाकली होती. गंमत म्हणजे मूर्खांची लक्षणं इतक्या बारकाईने टिपणारा ‘दासबोधा’सारखा ग्रंथ दुसरा नाही.

छापखाना आल्यावर सुरुवातीला हे सोंग मागे पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याहून ‘हिंदुपंच’ नावाचं साप्ताहिक निघत असे. घराणं उघड विलायती, 1841 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘पंच’चं. ‘हिंदुपंच’ची तऱ्हा सरळ होती: समोरच्याचं नाव घ्यायचं आणि त्याला झोडपायचं. शेवटी 1909 साली नामदार गोखल्यांनी त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकला. दुसऱ्याला हसताना कोर्टाची पायरी चढावी लागते. स्वतःला हसणाऱ्यावर दावा लावणार कोण?

ही सोय ज्याने हेरली तो योगायोगाने वकीलच होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करायचे, खामगावला आणि जळगाव-जामोदला. 1902 साली ‘विविधज्ञानविस्तारा’त त्यांचा ‘साक्षीदार’ हा लेख आला आणि मराठीत विनोदी निबंधाची रीतसर पेठ उघडली. पुढे अठरा लेखांचं ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ झालं, आणि बत्तीस लेख भरल्यावर ‘सुदाम्याचे पोहे’.

कोल्हटकरांची युक्ती अशी. ते स्वतः पक्के सुधारक. पण सुधारकाने शिमग्यावर, श्रावणीवर, सोवळ्याओवळ्यावर लेख लिहिला की ते प्रवचन होतं, आणि वाचक पान उलटतो. म्हणून लिहायला बसवला सुदामा. तो आणि त्याचे दोस्त बंडूनाना आणि पांडूतात्या जुन्याचे कट्टर कैवारी. रूढीवर कुणी बोट ठेवलं की हे त्रिकूट तिच्या बचावाला धावतं, आणि असा काही युक्तिवाद लढवतं की रूढीचे उरलेसुरले कपडेही उतरतात. आपलाच साक्षीदार आपल्याच पक्षकाराला बुडवतो, हे दृश्य कोल्हटकरांनी कचेरीत पाहिलं नसेल असं थोडंच आहे! याच माणसाने ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा ग्रंथ लिहिला. म्हणजे पंचांगाची थट्टा करणाऱ्याला पंचांगाचं गणित येत होतं. ‘चोरांचे संमेलन’ लिहून झाल्यावर 1927 साली पुण्यात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदीही तेच बसले, हा विनोद मात्र त्यांनी स्वतः रचलेला नाही.

दोष नाहीत असं नाही. कोटी दिसली की कोल्हटकरांचा पाय तिथेच अडकतो. एकेक वाक्य इतकं लांबतं की शेवटाला येईपर्यंत सुरुवातीचा कर्ता विसरतो. सुदामा हसवतो, पण त्याला भूक लागलेली, ताप आलेला आपण कधी पाहत नाही. तो युक्तिवादापुरता जिवंत असतो.

त्याच्या अंगावर मांस चढवलं शिष्याने. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. ‘बाळकराम’ या नावाने त्यांनी लिहायला घेतलं, आणि गुरूचं त्रिकूटही जवळजवळ तसंच उचललं: बाळकराम, तिंबूनाना, भांबूराव. पण ही मंडळी घराबाहेर पडली. ठकी नावाच्या मुलीला स्थळ शोधण्याची त्यांची मोहीम म्हणजे लग्नाच्या बाजाराचा आख्खा पंचनामा. हसू ओसरलं की लक्षात येतं, सगळी यातायात चालली आहे आणि ठकीला मात्र कुणी काही विचारलेलंच नाही. ‘कवींचा कारखाना’त त्यांनी कवी घडवण्याच्या कृतीची टर उडवली, तेव्हा गोविंदाग्रज नावाने कविता करणारे ते स्वतःही त्याच कारखान्यातले होते. 1919 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

या घराण्याची एक शाखा विडंबनाकडे वळली. गडकऱ्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या प्रल्हाद केशव अत्र्यांनी ‘केशवकुमार’ हे नाव घेऊन 1925 साली ‘झेंडूची फुले’ काढली. इथे सोंग माणसाचं नव्हे, दुसऱ्या कवीच्या शैलीचं.

सोंग घरात आणून बसवण्याचं श्रेय चिं. वि. जोशींचं. हे गृहस्थ बडोद्याला असत. पालीचे जाणकार, पुढे संस्थानच्या दफ्तराचे अधिकारी. जातककथा आणि बौद्ध वाङ्मय हा त्यांचा अभ्यासाचा विषय. 1930 नंतरच्या ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ या पुस्तकांत त्यांनी एक भित्रा, पापभीरू पांढरपेशा उभा केला. त्याला बायको आहे, काऊ. मोरू, मैना ही पोरं आहेत. शिवाय गुंड्याभाऊ हा दणकट मावसभाऊ, जो प्रत्येक अडचण मनगटाच्या जोरावर सोडवायला जातो आणि दुप्पट करून ठेवतो. सुदामा रूढीचं समर्थन करायचा. चिमणरावाला एवढी उसंतच नाही. त्याला लग्न जमवायचं आहे, पाहुणे सांभाळायचे आहेत. त्याची फजिती वाचकाच्या घरात कालच झालेली असते. म्हणून तो पुस्तकात मावला नाही. 1940 साली ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले, आणि सत्तरच्या दशकाअखेर मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा घराघरांत नेली.

पु. ल. देशपांड्यांबद्दल नवं काय सांगणार? पण या कुळात त्यांची जागा कुठे, हे पाहण्याजोगं आहे. ‘असा मी असामी’तला ‘मी’ पु. ल. नव्हेत. तो आहे धोंडो भिकाजी जोशी, बेनसन जॉन्सन कंपनीतला कारकून, म्हणजे चिमणरावाचा सरळसरळ धाकटा भाऊ. फरक एवढाच की पु. लं.नी ते सोंग रंगमंचावर स्वतःच्या अंगावर चढवलं, आणि कागदावर उतरलेला सोंगाड्या पुन्हा प्रेक्षकांपुढे उभा राहिला.

दरम्यान विनोदाला हक्काचं बिऱ्हाड दिलं ते दिवाळी अंकांनी. 1951 साली मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ काढला. त्यातल्या खिडकीचित्रांत भलतंच काहीतरी चाललंय असं वाटून वाचक घाईने पान उलटतो, तर मागे अगदी साळसूद चित्र. तिथे फजिती वाचकाची. गाफील ‘मी’ तोच. घरातल्या मोठ्यांची नजर चुकवून ते पान उलटलेलं नाही, असा पन्नाशीपुढचा मराठी वाचक विरळा.

1964 साली ‘ललित’ मासिक निघालं आणि त्यात ठणठणपाळ नावाचा इसम साहित्यिकांची खबर घेऊ लागला. वसंत सरवट्यांनी त्याच्या हाती भलामोठा हातोडा दिला. मागे जयवंत दळवी होते. साहित्यातल्या ज्या गोष्टी दळवींना दळवी म्हणून लिहिता आल्या नसत्या, त्या ठणठणपाळाने बिनदिक्कत लिहिल्या. वर्तमानपत्रांत श्रीकांत बोजेवारांचा तंबी दुराई हा त्याच गोतावळ्यातला.

बायकांनी हे सोंग फारसं घेतलेलं दिसत नाही, ही या कुळातली लक्षणीय गोष्ट. शकुंतला परांजपे, मंगला गोडबोले स्वतःच्याच नावाने हसवत आल्या. पद्मजा फाटकांनी तर आपल्या मूत्रपिंडरोपणावर ‘हसरी किडनी’ लिहिलं. आडोसा नाही, मानसपुत्र नाही, रुग्णशय्येवर त्या स्वतःच. धाडस मोजायचं तर हे पुस्तक चिमणरावाच्या वर ठेवावं लागेल.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा प्रताधिकार संपतो. कोल्हटकर 1934 साली गेले, गडकरी त्याआधीच. चिं. वि. जोशी 1963 साली गेले, म्हणजे 2024 पासून चिमणरावही सर्वांचा झाला. ज्याने यातलं काहीच वाचलेलं नाही, त्याने चिमणरावापासून सुरुवात करावी, मग बाळकरामाकडे जावं, आणि सुदाम्याकडे सगळ्यात शेवटी. तोही मनात नको, मोठ्याने वाचावा. कोल्हटकरांची लांबलचक वाक्यं कानावर पडली की बरीच सुटी होतात.