विंचू, मांत्रिक आणि बिरवाडीचा दवाखाना

महाडच्या जुन्या बंदरापासून पोलादपूरच्या घाटपायथ्यापर्यंत पसरलेल्या सावित्रीच्या खोऱ्यात लाल विंचवाची दहशत सापाच्या दहशतीहून तिळमात्र कमी नव्हती. दगडी गडग्यात, जळाऊ लाकडांत, पेंढ्याच्या भाऱ्यात, क्वचित अंथरुणाच्या घडीतही तो दडून बसे. आणि दंश झाला की घरच्यांची पावले सरकारी दवाखान्याकडे न वळता विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाच्या दारी वळत. या प्रघाताची संभावना निव्वळ अज्ञान म्हणून करणे सोपे असले तरी न्याय्य नाही. बहुतेक दंशांत ठणका काय तो असतो, तो काही तासांनी आपोआप शमतो आणि त्याचे श्रेय बिनबोभाट मंत्राच्या पदरी पडते. उलट ज्यांच्या अंगात विष भिनते, त्यांना दंशाच्या जागी वेदना पुष्कळदा सोसवेल इतकीच असते. त्यामुळे विंचू उतरला अशा समजुतीने मंडळी निश्चिंत होतात, आणि इकडे रुग्णाचा सदरा घामाने निथळू लागतो, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, पुढे फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. मांत्रिकाचे यश सर्वांच्या डोळ्यांसमोर घडे, अपयश मात्र नशिबाच्या खाती जमा होई.

जिल्ह्याचे नाव अजून कुलाबाच होते तेव्हा, 1976 साली, जालना भागातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी जी लक्षणे टिपली, ती 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही धोक्याची चिन्हे ओळखण्यास ना यंत्र लागते ना पदवी; घरची म्हातारीही ती ओळखू शकते, हे मला त्या शोधाचे सर्वांत मोठे मोल वाटते. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी या विषावर योजिले, आणि गंभीर रुग्णांत शेकडा तीस-चाळीसपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण एकावर आले.

अलीकडचे वर्तनशास्त्रज्ञ सांगतात की केवळ माहिती दिल्याने लोकांची सवय मोडत नाही. योग्य कृती सुलभ व्हावी लागते आणि तिचे फळ ओळखीच्या माणसात दिसावे लागते. (आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांवर माझा तर कधीच फारसा भरवसा नव्हता.) प्राझोसिन ही स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी, अतिदक्षता विभागाची वाट न पाहता आडगावच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही ती देता येई. अत्यवस्थ होऊन दवाखान्यात आलेला माणूस आपल्या पायांनी वाडीवर परतू लागला, तेव्हा मांत्रिकाच्या जुन्या दाखल्यासमोर तितकाच ठळक दुसरा दाखला उभा राहिला. बावस्करांनी पुढे महाडातच रुग्णालय थाटले, पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह संशोधन चालू ठेवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कायदा मात्र फार मागाहून आला. 2013 च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला. त्यात भर रोखण्यावर आहे, आणि तो मला योग्य वाटतो: ज्याला मंत्र म्हणावयाचा त्याने खुशाल म्हणावा, पण रुग्णाची वाट अडवू नये.