शरणपूरचे आफ्रिकन ख्रिस्ती : कृपा आणि पाचारण

नाशिक क्षेत्राचा इतिहास गोदावरी, पंचवटी आणि सिंहस्थ यांच्याभोवती फिरतो, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि त्याच नगराच्या पश्चिमेस वसलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीचा संबंध एकोणिसाव्या शतकात थेट पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी जडला होता. मिशनचा इतिहास म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्यांची गणती, असा एक समज भक्तांत आणि टीकाकारांत सारखाच रूढ आहे. शरणपूरचे प्रकरण त्या समजात बसत नाही.

चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकात १८३२ मध्ये कामास आरंभ केला. वेदशास्त्रसंपन्न अशा या क्षेत्री धर्मांतर करणाऱ्यास आप्त, घर आणि उपजीविका या तिहींस एकदमच मुकावे लागे. अशांना राहावयास जागा व हातास काम मिळावे या हेतूने रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शरणपूर वसविले. नावातच हेतू स्पष्ट आहे. यहोशवाच्या ग्रंथात आश्रयार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या सहा नगरांची जी व्यवस्था सांगितली आहे, तिची आठवण बायबलच्या वाचकास या नावाने सहजच होते.

परंतु या गावात शरण आलेले सर्वांत निराधार लोक नाशिकचे नव्हते. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन मुले ब्रिटिश आरमाराची जहाजे समुद्रावर सोडवीत आणि त्यांपैकी काहींना मुंबईस उतरवीत. त्या मुलांना आईबाप नव्हते, गाव माहीत असले तरी तेथे जाण्याची वाट नव्हती, आणि कित्येकांना स्वतःच्या भाषेत बोलण्यास दुसरे माणूसही नव्हते. १८६० च्या सुमारास अशा मुलांचा आश्रम शरणपुरास सुरू झाला. लेखन-वाचन, ख्रिस्ती शिक्षण आणि सुतारकाम-लोहारकाम यांसारखे हातचे उद्योग असा तेथील क्रम होता. मुलांना नावेही नवी मिळाली, आणि ती वाचताना एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कारस फरार या नावांत मिशनऱ्यांची आडनावे जशीच्या तशी उतरली आहेत. चेंगविंबे नावाचा याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. मुक्तीबरोबर जुने नाव गेले, हे आश्रयदात्यांस खटकल्याचे दिसत नाही. आजच्या अभ्यासकाने मात्र ते नोंदविलेच पाहिजे.

ईश्वरी कृपा ही कल्पना मराठी मनास नवी नाही. संतवाङ्मय तिने ओथंबलेले आहे. ख्रिस्ती विचारात कृपेस पाचारण जोडलेले असते. अब्राहामास जो आशीर्वाद मिळाला तो त्याने इतर राष्ट्रांस आशीर्वाद व्हावे म्हणून मिळाला, ही त्या विचाराची मूळ भूमिका. शरणपूरच्या चालकांसमोर ती होती. शिकून तयार झालेले हे तरुण परत आफ्रिकेत जाऊन आपल्या बांधवांना मुक्तीची वार्ता सांगतील, अशी त्यांची अपेक्षा होती. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे मोंबासानजीक राबाई येथे गेले. किलिमांजारोचे हिमशिखर प्रथम पाहणारा युरोपीय म्हणून विख्यात असलेले योहानेस रेबमन तेथे एकाकी काम करीत होते.

अपेक्षा आणि माणूस यांतील अंतर मात्र लवकरच दिसून आले. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले असता त्यांनी शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण बरोबर घेतले. १८६६ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रवासात त्यांपैकी काही वाटेत मेले, काही सोडून गेले, आणि लिव्हिंग्स्टन यांनी त्यांच्याविषयी दैनंदिनीत कडवट शब्द लिहिले. त्यांवरून शाळेचीच परीक्षा करणे न्याय्य नव्हे. लहानपणी ज्या प्रदेशातून साखळदंडात बाहेर काढले गेले, त्याच प्रदेशात ओझी वाहत पुन्हा शिरणाऱ्या तरुणांच्या मनाची कल्पना त्या दैनंदिनीतून येत नाही.

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ निघालेल्या मोहिमेसाठी नाशिकहून आणखी सहा तरुण गेले. मोहीम मोडली, पण हे तरुण स्टॅन्लीने धाडलेल्या माणसांबरोबर उन्यान्येंबे येथे लिव्हिंग्स्टन यांना जाऊन मिळाले. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तले. त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. शव सिद्ध करण्याच्या कामी कारस फरार याने साह्य केले. जेकब वेनराइट याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव कोरले. त्या मेळाव्यात इंग्रजीत लेखन करू शकणारा तो होता, आणि ती विद्या शरणपूरची होती. सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली शव सुमारे हजार मैल वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोस आणण्यात आले. या माणसांवर कोणाची सक्ती नव्हती. शव तेथेच पुरून ते निघून गेले असते तरी त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट हा एकमेव आफ्रिकन होता.

दरम्यान मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईनंतर जून १८७३ च्या तहाने झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. सोडविलेल्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत असावी असे ठरले आणि ते काम शरणपूरच्या अनुभवामुळे प्राइस यांच्याकडेच आले. मोंबासासमोर खाडीच्या पलीकडे १८७५ मध्ये फ्रिअरटाऊन उभे राहिले. नाशिक-मुंबईकडील सुमारे दीडशे आफ्रिकन तिकडे गेले. तेथे त्यांना ‘मुंबईकर आफ्रिकन’ अशा अर्थाच्या नावाने ओळखीत. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम त्यामुळे ओस पडला.

फ्रिअरटाऊनचा इतिहास सुखद नाही. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या या कार्यकर्त्यांना युरोपीय मिशनऱ्यांच्या मानाने वेतन अल्प मिळे आणि अधिकार त्याहूनही अल्प. त्यांनी समानतेची मागणी केली की तिला उद्धटपणा म्हटले जाई. कृपेचा संदेश देणाऱ्यांनीच तिच्या फलाचा धसका घ्यावा, यातील विसंगती त्या काळी फार थोड्यांना जाणवली. तरीही जोन्स आणि सेमलर टिकून राहिले. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी त्या दोघांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेस लागले. काफिल्याचा मोठा भाग जोन्स यांच्याकडे ठेवून बिशप पुढे गेले आणि २९ ऑक्टोबर रोजी बुसोगात मारले गेले. उरलेली माणसे जोन्स यांनी परत आणली. १८८६ च्या आरंभी ते राबाईस पोचले तेव्हा काफिल्यापुढच्या निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत ‘ईखाबोद’, म्हणजे ‘वैभव गेले’, हा इब्री शब्द होता.

याच राबाईत जोन्स यांच्या हातून जे घडले ते या प्रकरणाचा गाभा होय. किनाऱ्यावरील धन्यांकडून पळालेले गुलाम राबाईच्या ख्रिस्ती वस्तीत येऊन राहू लागले होते. कायदा धन्यांच्या बाजूस होता. पळालेल्यांना आश्रय देणे म्हणजे मिशनचे अस्तित्वच धोक्यात घालणे, असे वरिष्ठांस वाटे. जोन्स यांनी त्यांना हाकलून दिले नाही. १८८८ मध्ये धन्यांनी या लोकांची मागणी केली तेव्हा प्रकरण हातघाईवर येण्याची चिन्हे दिसू लागली. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी धन्यांना भरपाई देण्याचे मान्य केले, आणि १८८९ च्या पहिल्या दिवशी चौदाशेंच्या आसपास माणसांना मुक्तिपत्रे वाटण्यात आली. मुक्तीची किंमत पैशात भरली गेली हे खरे. पण शरणपुरात स्वतः आश्रित म्हणून वाढलेल्या माणसाने राबाईचे दार आधी उघडे ठेवले नसते, तर भरपाई कोणासाठी द्यावी हा प्रश्नच उद्भवला नसता.

जोन्स यांना १८९५ मध्ये पुरोहितपद मिळाले. वेनराइट १८९२ मध्ये उरांबो येथे, कीर्तीच्या बऱ्याच मागे, मरण पावले. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र मोंबासात १९३५ पर्यंत हयात होते. फ्रिअरटाऊनच्या घंटेवरून मोंबासातील त्या भागास स्वाहिलीत केंगेलेनी, म्हणजे ‘घंटेपाशी’, हे नाव पडले, आणि ते रूढ आहे.