टीका, टिपा आणि गाइड : महाराष्ट्रातील अभ्याससाहित्याचा इतिहास

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास आजवर मुख्यतः शाळा, विद्यापीठे, शासकीय अहवाल आणि क्रमिक पुस्तके यांच्या आधारे लिहिला गेला आहे. परंतु विद्यार्थ्यांच्या हातात प्रत्यक्ष जे साहित्य सर्वाधिक काळ राहिले, म्हणजे मूळ ग्रंथाबरोबर छापलेल्या टिपा, वर्गात उतरवून घेतलेली टिपणे, गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि झेरॉक्स केलेल्या नोट्स, त्याला या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. असे साहित्य दुय्यम समजण्याची प्रथा पडली असली, तरी एखाद्या पिढीने नेमके काय शिकले आणि कसे शिकले याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा त्यातच सापडतो, कारण प्रत्येक काळातील टिपणांचे रूप हे त्या काळातील परीक्षेच्या रूपावरून ठरत गेलेले दिसते.

मुद्रणापूर्वीच्या पाठशाळांमध्ये मूळ ग्रंथ आणि त्यावरील स्पष्टीकरण ही दोन वेगळी पुस्तके नसत. त्रिपाठ नावाच्या हस्तलिखितांत पानाच्या मध्यभागी मूळ श्लोक किंवा सूत्र ठळक अक्षरांत लिहिलेले असे आणि त्याच्या वर व खाली बारीक अक्षरांत टीका लिहिली जाई, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर मूळ मजकुरावरून स्पष्टीकरणाकडे आणि पुन्हा मुळाकडे सहज वळत असे. काव्याच्या अध्ययनात मल्लिनाथाच्या टीकांना जे अढळ स्थान मिळाले ते याच रचनेमुळे नव्हे, तर त्यांच्या शिस्तीमुळे. श्लोकातील पदे गद्यक्रमाने मांडणे, म्हणजे अन्वय लावणे, मग प्रत्येक पदाचा अर्थ, समासाचा विग्रह, व्याकरणाचा आधार आणि अलंकार सांगणे, हा त्याचा क्रम होता. निराधार काही लिहायचे नाही आणि अनावश्यक काही सांगायचे नाही, असे बंधन त्याने स्वतःवर जाहीरपणे घालून घेतले होते. विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या टिपेची याहून नेमकी कसोटी नंतरच्या कोणत्याही शिक्षणखात्याला सांगता आलेली नाही.

या व्यवस्थेत परीक्षा घेणारा आणि शिकवणारा एकच असे, हे लक्षात ठेवले पाहिजे. विद्यार्थ्याने ग्रंथ 'लावून' दाखवावा, म्हणजे अन्वयासह त्याचा अर्थ सांगावा, एवढीच अपेक्षा असल्यामुळे टीका हे ग्रंथापर्यंत पोहोचण्याचे साधन राहिले. ग्रंथाऐवजी तीच वाचून भागण्यासारखी परिस्थिती नव्हती.

इंग्रजी अमलात हे चित्र क्रमाने बदलले. १८२२ साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीने मराठीतून गणित, व्याकरण, नीतिकथा इत्यादी विषयांवरील पुस्तके तयार करवून घेतली. अभ्यासटिपणांच्या दृष्टीने मात्र त्यापेक्षा महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी १८५४ साली सिद्ध केलेला 'नवनीत' हा मराठी कवितांच्या वेच्यांचा संग्रह होय. तोवर कीर्तनात आणि पाठांतरात जगणारी प्राचीन मराठी कविता येथे प्रथमच शालेय अभ्यासाचा विषय म्हणून निवडून, कवींच्या परिचयासह मांडली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील शिकलेल्या मराठी माणसाला ज्ञानेश्वर, मुक्तेश्वर, वामन पंडित व मोरोपंत यांची पहिली ओळख बहुधा याच पुस्तकातून झाली.

१८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर आखलेले, म्हणजे प्रारंभी केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ होते. अध्यापन महाविद्यालयांत आणि शाळांत होत असे. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेला बसलेल्या १३२ उमेदवारांपैकी २२ उत्तीर्ण झाले, आणि १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले पदवीधर बाहेर पडले. ज्याने शिकवले नाही असा परीक्षक, अगोदर जाहीर केलेली नेमलेली पुस्तके आणि दर काही वर्षांनी बदलणारी त्यांची यादी, या तीन गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा अपरिचित परीक्षक काय विचारील याचा अंदाज बांधून देणाऱ्या साहित्याची गरज अपरिहार्यपणे निर्माण झाली. पुढील शंभर वर्षांच्या गाइडव्यवसायाचे मूळ या रचनेत आहे. ते विद्यार्थ्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे.

त्याच दशकात विद्यापीठाने पदवी परीक्षांतून मराठीसारख्या देशभाषा वगळून अभिजात भाषांना स्थान दिले, आणि संस्कृत हा असंख्य विद्यार्थ्यांच्या परीक्षेचा विषय झाला. या निर्णयाने मराठीची झालेली हानी मोठी होती, आणि ती अंशतः भरून निघण्यासाठी रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. परंतु त्याचे एक अनपेक्षित फळ असे, की विद्यार्थ्यांसाठी संस्कृत पुस्तके तयार करण्याच्या कामाला या प्रांतातील उत्तमोत्तम विद्वानांनी हात घातला. भांडारकरांची संस्कृतची पहिली आणि दुसरी पुस्तके १८६०च्या दशकातील आहेत. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील ब्यूलर आणि पुण्यातील कीलहॉर्न यांनी १८६८ च्या सुमारास सुरू केलेल्या मुंबई संस्कृत ग्रंथमालेचा आरंभ पंचतंत्राच्या सटीप आवृत्तीने झाला, आणि शंकर पांडुरंग पंडितांनी त्याच मालेत मल्लिनाथाच्या टीकेसह रघुवंश संपादित केले. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत रचनेवरील मार्गदर्शक पुस्तकात आणि १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात विद्यार्थ्याची अडचण नेमकी कोठे असते याची जाण पानोपानी दिसते.

या परंपरेची सर्वांत पूर्ण अवस्था मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या आवृत्त्यांत पाहावयास मिळते. त्यांच्या शाकुंतलाच्या आवृत्तीत कवीचा काळ, कथानकाचे मूळ आणि नाट्यरचना यांची चर्चा करणारी प्रस्तावना, राघवभट्टाच्या संस्कृत टीकेसह मूळ पाठ, इंग्रजी भाषांतर आणि शेवटी विस्तृत टिपा असा क्रम आहे. दीर्घ समास आला की त्याचा विग्रह व प्रकार, अनियमित रूप आले की ते सिद्ध करणारे पाणिनीचे सूत्र, एखादी कल्पना आली की कालिदासाच्या अन्य काव्यांतील तिचे साम्यस्थळ, आणि पाठभेद असेल तर कोणता पाठ का स्वीकारला याचे कारण, अशी या टिपांची घडण आहे. त्यांचा हेतू परीक्षार्थ्याला उपयोगी पडण्याचा होता, हे उघड आहे; पण काळ्यांची टीप वाचून झाल्यावर विद्यार्थ्याला मूळ श्लोकाकडे परतावेच लागते, आणि म्हणूनच परीक्षांचे अभ्यासक्रम कितीदा बदलले तरी या आवृत्त्या आजही पुन्हा पुन्हा छापल्या जातात. परीक्षेसाठी लिहिलेले साहित्य हलकेच असते, या समजाला इतके भक्कम उत्तर दुसरे नाही.

इंग्रजीच्या बाबतीत मात्र गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या. विद्यार्थ्याला भाषाच परकी असल्यामुळे नेमलेल्या पुस्तकातील परिच्छेदाचा सोप्या इंग्रजीतील अनुवाद, कठीण शब्दांचे अर्थ आणि तयार उत्तरे देणाऱ्या पुस्तिकांना मोठी मागणी आली, आणि त्या पाठ करून परीक्षा देता येऊ लागली. कर्झनने नेमलेल्या १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने अध्यापन हे परीक्षेचे दास झाले असल्याचे परखडपणे नोंदवले. मूळ पुस्तक न उघडता केवळ टिपांवर परीक्षा उत्तीर्ण होणे शक्य झाले, हा येथील निर्णायक बदल होता.

टिपा ही आता किंमत असलेली मालमत्ताही झाली होती, हे मुंबईतील एका दाव्यावरून स्पष्ट होते. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने प्लुटार्कच्या अलेक्झांडर-चरित्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून वेचे निवडून, टिपा जोडून शालेय आवृत्ती काढली होती; मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी तशीच आवृत्ती बाजारात आणल्यावर हे प्रकरण लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२३ साली तेथे असा निर्णय झाला, की जुन्या ग्रंथातील उतारे निवडून जोडण्याने त्या मजकुरावर स्वामित्व हक्क निर्माण होत नाही, पण नीट निवडलेल्या आणि नेटक्या शब्दांत लिहिलेल्या टिपांवर तो निश्चित निर्माण होतो. ज्या टिपांना विद्वान आणि शिक्षक दुय्यम मानत होते, त्यांच्यामागील श्रम व कौशल्य साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने या निकालात मान्य केले, आणि भारतातील स्वामित्व हक्काच्या दाव्यांत या निकालाचा आधार नंतरही दीर्घकाळ घेतला जात राहिला.

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा माध्यमिक शालान्त परीक्षेने घेतली, १९६६ मध्ये राज्य मंडळ आणि १९६७ मध्ये बालभारती ही पाठ्यपुस्तक निर्मितीची संस्था अस्तित्वात आली, आणि संपूर्ण राज्यासाठी एक पुस्तक व एक प्रश्नपत्रिका अशी स्थिती निर्माण झाल्यामुळे एकाच गाइडाला राज्यभर बाजारपेठ मिळाली. १९५९ पासून गाला कुटुंबाने उभारलेल्या 'नवनीत' प्रकाशनाची गाइडे आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच या काळात घराघरांत पोहोचले; गोडबोल्यांच्या नवनीताशी त्यांचा नावापलीकडे संबंध नाही. गाळलेल्या जागा, जोड्या, 'कारणे द्या', 'टिपा लिहा' आणि 'संदर्भासहित स्पष्टीकरण' हे प्रश्नप्रकार ठरलेले असल्यामुळे इतिहासाचा धडा असो, भूगोलाचा असो वा विज्ञानाचा, गाइडात तो याच साच्यांत उतरवला जाई, आणि ज्या मजकुरावर प्रश्न निघण्यासारखा नाही तो आपोआप वगळला जाई. घोकंपट्टीचा दोष नेहमी गाइडाला दिला जातो. परंतु साचा प्रश्नपत्रिकेने घडवलेला होता आणि गाइडाने तो केवळ भरून दिला. पुस्तक घेऊन समजावून सांगणारे कोणी घरी नसलेल्या, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला याच गाइडाचा आधार होता, हेही नोंदले पाहिजे.

महाविद्यालयीन पातळीवर छापील गाइडाबरोबर आणखी एक प्रवाह वाहत होता. टंकयंत्राची फीत बाजूला करून मेणकागदावर अक्षरे उमटवायची, चुकलेले अक्षर लाल द्रवाने बुजवून पुन्हा उमटवायचे, तो कागद यंत्राच्या नळकांड्यावर ताणून शाईतून प्रती काढायच्या, या सायक्लोस्टाइल पद्धतीने प्राध्यापकांची टिपणे वर्गापुरती प्रसृत होत. झेरॉक्स यंत्रे आल्यावर हस्ताक्षरातील नोट्सही जशाच्या तशा पसरू लागल्या, आणि पुण्यातील अप्पा बळवंत चौक व सदाशिव पेठ या परिसरात, विशेषतः महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी, राज्यघटना, अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल अशा विषयांच्या नोट्सचा स्वतंत्र व्यवहार उभा राहिला. अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती काढणे १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या चौकटीत बसू शकते, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, तेव्हा या व्यवहाराच्या एका भागाला कायद्याचा आधार मिळाला.

राज्य मंडळाने २०१८-१९ पासून दहावीच्या भाषाविषयांत कृतिपत्रिका आणून पाठांतराला आळा घालण्याचा प्रयत्न केला. बाजारात कृतिपत्रिकांचे सरावसंच लगेच आले, आणि परीक्षेचे रूप बदलले की टिपणांचे रूप बदलते हा जुना नियम पुन्हा एकदा खरा ठरला. २०२३-२४ मध्ये शासनाने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी कोरी पाने घातली. ती अपेक्षेप्रमाणे वापरली जात नसल्याने जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेण्यात आला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण स्वतःच्या शब्दांत केलेल्या नोंदीला ज्या परीक्षेत किंमत नाही, तेथे कोऱ्या पानाने ती सवय लागणे कठीण आहे.

अभ्यासक्रम बदलला की गाइडे रद्दीत जातात, सायक्लोस्टाइल कागद विरतात, आणि एके काळी हजारो हातांत असलेले हे साहित्य संशोधकाला शोधूनही मिळेनासे होते. जुन्या घरांच्या माळ्यावर आजही मॅट्रिकच्या सटीप आवृत्त्या, समासात पेन्सिलीने अर्थ लिहिलेली संस्कृतची पुस्तके आणि वर्गातील टिपणांच्या वह्या पडून असतील. त्या रद्दीवाल्याला देण्यापूर्वी गावातील एखाद्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दाखवाव्यात, आणि ग्रंथालयांनीही त्या पाठ्यपुस्तकांच्या शेजारी, तितक्याच काळजीने ठेवाव्यात.