प्रवासांतला धक्का : रेंगीपासून मोटारीपर्यंत

गेल्या हिवाळ्यांतली गोष्ट. आमच्या मावशीला अहेरीहून चंद्रपुरास डॉक्टरांकडे आणावयाचें होतें. वय ऐंशीच्या घरांत, पाठीच्या मणक्याचें जुनें दुखणें, आणि वाट आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर अशी. कोठें गुळगुळीत डांबर, तर कोठें नुसती गिट्टी व खड्डे. माझ्या भाच्यानें मोठ्या हौसेनें आपली नवी मोटार काढली. मोटार लहानशी, मागचें दार वर उघडणारी, एंजिन जोरदार, चाकें मोठीं व टायर पातळ. तरुण मंडळी जिला ‘स्पोर्टी हॅचबॅक’ म्हणतात त्या जातीची. आष्टीजवळ वैनगंगेचा पूल येईपर्यंत मावशी कांहीं बोलली नाहीं. पूल ओलांडल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, “बाबू, तुह्या गाडीहून आमची रेंगी बरी होती. तिच्यांत तणस तं होतं!”

आम्ही सारे हंसलों. पण वळून पाहिलें तों तिनें पुढची बैठक दोन्ही हातांनीं घट्ट धरली होती व डोळे मिटून घेतले होते. तें पाहून आमचें हंसूं ओसरलें. मोटारविद्येनें शंभराहून अधिक वर्षें प्रगति केल्यावर एका म्हातारीला नव्या मोटारींत बसून बैलाची गाडी आठवावी, असें कां व्हावें? श्रोतेहो, या प्रश्नाच्या उत्तरासाठीं आज आपल्याला थोडें मागें जावें लागेल.

चंद्रपूर व गडचिरोली हे आज दोन जिल्हे आहेत. पण २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता, आणि १९६४ पर्यंत त्याला चांदा म्हणत. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या आणि त्यांच्या मधलें दाट अरण्य यांमुळें या मुलखांत पक्क्या सडका उशिरां आल्या. पावसाळ्यांत कित्येक वाटा बंद, आणि एरवीं बैलगाडीच्या चाकोऱ्या हाच रस्ता. अशा ठिकाणीं गाडीचें शास्त्र पुस्तकांत नव्हतें; तें वाढयाच्या हातांत आणि जंगलांतल्या झाडांत होतें. तिवसाचें लांकूड चिवट, म्हणून तें चाकाला. धावडा कठीण आणि तरीहि लवणारा, म्हणून तो आंसाला. इंग्रजी भाषेंत धावड्याला जें नांव पडलें आहे त्याचा अर्थच मुळीं ‘आंसाचें लांकूड’ असा होतो. मधला तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर लांकडी घेर, आणि त्या घेरावर लोहारानें लाल तापवून चढविलेली लोखंडी धांव. धांव बसली कीं लागलीच पाणी ओतावयाचें. लोखंड आंकसे आणि सारें चाक एकजीव होई.

ओझ्याची ती बंडी, आणि माणसांची ती रेंगी किंवा दमणी. रेंगी हलकी, दोघांतिघांपुरती, आणि तिला जुंपावयाचे बैल दुडक्या चालीचे. मालकाचा सारा अभिमान बैलांच्या पायांत आणि गाडीच्या हलकेपणांत. विदर्भांतील शंकरपट म्हणजे याच हौसेचें टोंक होय. या शर्यती २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि २०२३ मध्यें घटनापीठानें त्यांस परवानगी देणारा कायदा मान्य केला. पटावर धांवणारी गाडी बसावयास सुखाची असावी, अशी अपेक्षा मात्र कोणीच करीत नाहीं. वेग आणि सुख यांचें भांडण मोटारीनें सुरू केलें नाहीं. तें आपल्या गांवच्या पटावर पूर्वींपासूनच चालत आलें आहे.

रेंगीला कमान नव्हती. आंस साटीला पक्का बांधलेला; चाकाखालीं दगड आला कीं त्याचा धक्का आऱ्यांतून आंसाला, आंसांतून साटीला आणि साटींतून थेट माणसाच्या मणक्याला. त्यावर उपाय तीन. साटींत हातभर तणस पसरून वर वाकळ घालावयाची, हा पहिला. बैलांना सावकाश चालवावयाचें, हा दुसरा. आणि हांकणाऱ्यानें वाटेवर नजर ठेवून दगड चुकवावयाचा, हा तिसरा. आंस करकरूं लागला तर त्याला वंगण घालावयाचें, एवढें कोणालाहि ठाऊक होतें. करकर ऐकूं येऊं नये म्हणून कोणी प्रवाशाच्या कानांत कापूस घालीत नसे. हें शेवटचें वाक्य श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याची गरज पडणार आहे.

युरोपांतहि पुष्कळ काळ स्थिति फारशी निराळी नव्हती. इंग्लंडांतील ओबादाया एलियट नांवाच्या गाड्या बांधणाऱ्यानें १८०४ सालीं पोलादी पट्ट्यांची लंबवर्तुळाकार कमान बसविली. दोन धनुष्यें समोरासमोर जोडावीं तशी ती दिसे. गाडीचा सांगाडा त्या कमानींवर तरंगूं लागला. यांतून एक नियम हातीं आला, आणि तो आजहि खरा आहे : कमानीच्या खालचें वजन जितकें कमी, तितका वरचा माणूस सुखी. चाक हलकें असेल तर तें खड्ड्यांत उतरून चटकन् वर येतें. जड असेल तर आपल्याबरोबर सारी गाडी हलवितें.

परंतु कमानीला एक मर्यादा आहे. मोठा खड्डा ती गिळते; बारीक खडीची थरथर तिला गिळतां येत नाहीं. त्यासाठीं हवा लागली. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें १८४५ सालीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. पण तेव्हां सायकल नव्हती, मोटार नव्हती, आणि ती कल्पना विस्मृतींत गेली. १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यानें तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. हा गृहस्थ व्यवसायानें जनावरांचा डॉक्टर. आपल्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार दणके खाते, एवढेंच त्याचें दुःख होतें. १८९५ मध्यें फ्रान्सच्या मिशलॅं बंधूंनीं पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतींत हवेच्या टायरांवर मोटार चालविली. टायर पुनःपुन्हा फुटले. पण लोखंडी धांवेचे दिवस भरले हें त्या दिवशीं ठरलें. आमच्या मुलखांतल्या बंडीलाहि पुढें रबरी टायर आले.

तेव्हां कामाची वाटणी अशी झाली : बारीक थरथर टायरांतल्या हवेनें घ्यावी, मोठा दणका कमानीनें घ्यावा, आणि कमान एकदां दबल्यावर झोंके घेत राहूं नये म्हणून तिला शॉक अॅब्सॉर्बरनें आवरावें. यांपैकीं एकानें काम टाकलें तर तें दुसऱ्याला करतां येत नाहीं.

माणसाच्या देहाचाहि यांत हिशेब आहे. सुखाच्या मोटारीचा सांगाडा कमानींवर सेकंदाला सुमारें एकदां खालींवर होतो. चालण्याची संवय असलेल्या शरीराला एवढी संथ लय रुचते. वेगाच्या गाडीची कमान कडक असते, म्हणून ही लय दीडपटीहून अधिक जलद होते. खालींवर होणारी जी हालचाल सेकंदाला चार ते आठ वेळां होते, ती देहाला सर्वांत अधिक जाचते; पोट व पाठीचा कणा तिच्याशीं थरथरूं लागतात. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मॉरिस ऑली या यंत्रज्ञानें असेंहि दाखवून दिलें कीं, पुढच्या कमानी मागच्यांपेक्षां मऊ ठेवल्या तर गाडी होडीसारखी मागेंपुढें डुलत नाहीं. म्हणजे आराम ही गादीपुरती गोष्ट राहिली नाहीं. तिचें गणित तयार झालें.

मग एवढें गणित हातीं असतां मावशीची पाठ कां दुखावी? याचें उत्तर १९७५ नंतरच्या इतिहासांत आहे. त्या वर्षीं जर्मनींतल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनांत फोक्सवागननें गोल्फ जीटीआय ही मोटार मांडली. घरगुती लहान मोटार आणि शर्यतीची चपळाई यांचा तो संगम जगाला भारी आवडला. त्या पहिल्या गाडीचे टायर १३ इंची रिमवर बसत, माप १७५/७०. म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर आणि बाजूची उंची तिच्या शेंकडा ७०, सुमारें १२२ मिलिमीटर. त्याच नांवाच्या पुढच्या पिढ्यांत १८ इंची रिमवर २२५/४० मापाचे टायर आले. त्यांच्या बाजूची उंची अवघी ९० मिलिमीटर. याला कारणेंहि होतीं. गाडी वजनदार झाली, ब्रेक मोठे झाले, आणि बुटका टायर वळणावर कमी लवतो. पण मोठी रिम डोळ्यांना शोभते, हेंहि एक कारण होतेंच, आणि तीच शोभा पुढें साध्या मोटारींनींहि उचलली. रिम एकेक इंच मोठी होत गेली तशी धक्का आणि माणूस यांच्या मधली हवा पातळ होत गेली. डनलॉपनें जें दिलें होतें तें आम्हीं पैसे मोजून थोडें थोडें परत केलें.

आतां भाच्याच्या मोटारीकडे वळूं. मावशीच्या त्या वाक्यानें तो खजील झाला होता. त्यानें एका मोठ्या गराजांत गाडी नेली. तेथें दारांच्या आंत व पाठीमागें डांबरी पत्रे आणि जाड नमदा चिकटवून दिला. बिल भारी झालें, पत्र्याचा खणखणाट कमी झाला, पण धक्का होता तेथेंच राहिला. कानांत कापूस घातला, आंस कोरडाच!

शेवटीं बल्लारपूरच्या एका वृद्ध मेकॅनिकाकडे आम्ही गेलों. त्यानें बॉनेट उघडलेंच नाहीं. आधीं हवा मोजली. दाराच्या खांबावरील चिठ्ठींत ३३ पौंड लिहिलेले, आणि टायरांत ४२! हवा जितकी दाबून भरावी तितका टायर लांकडासारखा होतो. त्यानें हवा बरोबर ३३ वर आणली, आणि त्याहून कमी करूं नका असेंहि बजावलें. कारण मऊ टायर खड्ड्यांत दबून रिम चेपते व बाजू फाटते. नंतर त्यानें चाकाजवळचे रबरी बुश व शॉक अॅब्सॉर्बरच्या माथ्यावरचें रबर पाहिलें. एका बाजूचें रबर फाटून लोखंडावर लोखंड आपटत होतें. दर खड्ड्याला येणारा ‘टक्’ असा आवाज तोच. तें त्यानें बदललें.

तिसरा सल्ला रिमचा. गाडीला १९५/५५ मापाचे १६ इंची टायर होते. त्याऐवजीं १५ इंची रिमवर १८५/६५ मापाचे घातले तर चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, म्हणून वेगाचा कांटा खोटें बोलत नाहीं. पण हवेचा थर १०७ मिलिमीटरवरून १२० होतो. लहान रिम बहुधा हलकीहि असते. मात्र ती ब्रेकला घासत नाहीं ना, टायर तेवढें वजन व वेग पेलणारा आहे ना, आणि गाडीच्या कंपनीनें तें माप मान्य केलें आहे ना, हें आधीं पाहिलें पाहिजे. वळणावरची चपळाई थोडी उणी होते, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. नमद्याबद्दल विचारतां तो म्हणाला, “साहेब, तें काम शेवटचं. आधीं धक्का, मग आवाज.”

यांत शास्त्र आहे. मोटारींतला पुष्कळसा आवाज हवेंतून येत नाहीं. तो चाकांतून, दांड्यांतून, पत्र्यांतून चढत येतो आणि गाडीची पेटी त्याची ढोलकी करते. उगम शांत केल्यावर जो उरतो त्यापुरताच नमदा उपयोगी पडतो. पत्रा सगळा मढवावा लागत नाहीं. मधोमध थोडा भाग मढविला तरी त्याची झणझण थांबते. खरबरीत गिट्टीच्या सडकेवर टायरांची घरघर थोडी राहणारच. तिला एकच उपाय, आणि तो रेंगीच्या काळचा : सावकाश चालवावें.

ही चैनीची चर्चा नव्हे, श्रोतेहो. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांत अजूनहि कित्येकदां रोग्याला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावें लागतें, आणि तेथून पुढें दवाखान्यापर्यंत चाकांचा प्रवास असतो. बाळंतपणाच्या वेणा सोसणाऱ्या बाईला किंवा मोडलेल्या हाडाच्या माणसाला गाडीचें एंजिन किती जोराचें आहे याच्याशीं कर्तव्य नसतें. त्यांना चाकाखालची हवा कळते.

पुढच्या महिन्यांत मावशीला पुन्हा डॉक्टरांकडे आणलें. गाडी तीच, सडक तीच. भाच्यानें खड्ड्यांपाशीं वेग आवरला होता, आणि मागच्या बैठकीवर कोणी न सांगतां एक वाकळ घडी घालून ठेवली होती. आष्टीचा पूल गेला. मावशी कांहीं बोलली नाहीं. गोंडपिपरीच्या पुढें मीं वळून पाहिलें, तेव्हां तिचे हात मांडीवर सैल पडले होते आणि तिला झोंप लागली होती.